विरळ वस्तीचा कारभार : उत्सयोकीचा अनुभव

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे सामान्यतः गजबजलेले गाव उभे राहते. माणसे पुष्कळ, जागा अपुरी, पाणी अपुरे आणि पैसा त्याहून अपुरा, अशी आपली परिचित अडचण असते. परंतु जगात काही प्रदेश असे आहेत की जेथील कारभाराची अडचण नेमकी उलट आहे. तेथे जागा अफाट आहे. माणसेच थोडी आहेत. अशा ठिकाणी शाळा कोणी चालवावी, रस्त्यावरचे बर्फ कोणी दूर करावे, आजारी वृद्धाची विचारपूस कोणी करावी आणि या सर्वांचा खर्च कोणत्या मापाने मोजावा, हे प्रश्न वेगळ्याच रूपाने पुढे येतात. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली फिनलंडमधील उत्सयोकी ही ग्रामीण पालिका या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

उत्सयोकी ही फिनलंडची सर्वांत उत्तरेकडील पालिका. उत्तर ध्रुववृत्ताच्याही तीन अंशांहून अधिक उत्तरेस ती वसली आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५,३७० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पालघर जिल्ह्याएवढे. पालघर जिल्ह्याच्या आजच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार तीस लाखांच्या घरात लोक राहत होते. उत्सयोकीची लोकसंख्या आहे सुमारे बाराशे. एका माणसाच्या वाट्यास चार चौरस किलोमीटरहून अधिक भूमी येते. आपल्याकडे बाराशे वस्तीच्या गावास सात सदस्यांची ग्रामपंचायत असते आणि गावाच्या एका टोकाची हाक दुसऱ्या टोकास ऐकू जाते. उत्सयोकीत तेवढीच माणसे एका जिल्ह्याएवढ्या मुलखात विखुरलेली आहेत.

अंतर हाच खरा खर्च

या पालिकेत वस्तीची तीन मुख्य ठिकाणे आहेत. उत्सयोकी हे मुख्य गाव, नैर्ऋत्येस सुमारे शंभर किलोमीटरवर कारिगास्निएमी आणि ईशान्येस पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास नुओरगाम. तिन्ही गावे तेनो नदीच्या खोऱ्यात नदीकाठी आहेत आणि नदीपलीकडे नॉर्वे आहे. नदीपासून दूर गेले की उघडी पठारे, दलदल, तळी आणि खुरट्या भूर्ज वृक्षांची रानेच लागतात. नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. उलट, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मावळत नाही.

विभागाचे मध्यवर्ती रुग्णालय रोव्हानिएमी येथे, सुमारे ४५० किलोमीटर अंतरावर आहे. ज्या गृहिणीस प्रसूतीसाठी तेथे जावयाचे असेल तिला दिवस भरण्याची वाट पाहून चालत नाही. घरातून केव्हा निघावयाचे याचा हिशेब हवामान आणि रस्ता पाहून आधीच करावा लागतो. आपल्याकडे मुंबईहून नागपूरच्या वाटेवर अर्ध्याहून अधिक मजल मारावी, तेवढा हा प्रवास आहे. फरक इतकाच की वाटेत गावे फारशी लागत नाहीत.

अंतराशी जुळवून घेण्याची रीत येथे जुनी आहे. मांतोयार्वी तळ्याच्या काठी १८५३ साली पूर्ण झालेले दगडी चर्च आहे. त्याच्याजवळच लहान लहान लाकडी झोपड्यांची रांग आजही जतन करून ठेवलेली दिसते. दूरदूरच्या वस्त्यांवरून प्रार्थनेसाठी, विवाहासाठी, करभरणीसाठी अथवा बाजारासाठी आलेली कुटुंबे या झोपड्यांत मुक्काम करीत. एका दिवसात येऊन एका दिवसात परतणे शक्यच नव्हते. म्हणजे सार्वजनिक काम जेथे असेल तेथे लोकांच्या मुक्कामाची सोयही असली पाहिजे, हे व्यवस्थापनाचे तत्त्व त्या काळच्या लोकांना अनुभवाने उमगले होते.

नदीवर पूल नव्हता तोवर पलीकडे जाण्यासाठी उन्हाळ्यात नाव आणि हिवाळ्यात गोठलेले पात्र हेच साधन होते. बर्फ धड घट्ट नाही आणि धड विरघळलेलेही नाही, अशा दिवसांत दोन्ही काठ एकमेकांस परके होत. १९९३ साली उत्सयोकी गावाजवळ ‘सामी पूल’ खुला झाला आणि ही अडचण संपली. या पुलामुळे एका काठावरचे घर, दुसऱ्या काठावरची नोकरी आणि दोन्हीकडचे नातेसंबंध एका दिवसाच्या आटोक्यात आले. २०२० साली महामारीमुळे सीमेवर निर्बंध आले, तेव्हा या लोकांच्या जीवनात सीमा म्हणजे केवळ नकाशावरील रेघ नव्हे, हे पुन्हा एकदा कळून आले. नॉर्वेतील गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या दुकानांची विक्री खालावली आणि नदीपलीकडचे आप्त दुरावले.

सीमेचा असा जाच या प्रदेशास नवा नाही. १७५१ साली स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांच्यात सीमा ठरली तेव्हा करारास एक पुरवणी जोडण्यात आली होती. सामी लोकांना आपल्या रेनडिअरांसह ऋतुमानानुसार सीमा ओलांडण्याचा हक्क तीत मान्य केला होता. पुढे फिनलंड रशियाच्या ताब्यात गेले आणि १८५२ साली ही सीमा रेनडिअरांच्या कळपांना बंद झाली. दूर राजधान्यांत निर्णय झाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा चराईचा मार्ग तुटला. पुढील विवेचनात हा धागा लक्षात ठेवावयाचा आहे.

पालिकेची घडण

फिनलंडमध्ये ग्रामीण पालिकांचा कारभार १८६५ च्या आदेशाने चर्चच्या कारभारापासून वेगळा झाला. उत्सयोकीची पालिका १८७६ साली अस्तित्वात आली. त्या देशात शहर आणि खेडे यांसाठी वेगवेगळ्या संस्था नाहीत. हेलसिंकी ही जशी पालिका आहे, तशीच उत्सयोकी हीही पालिका आहे. दोघींची परिषद दर चार वर्षांनी लोक निवडून देतात. पाच हजारांपर्यंत वस्ती असलेल्या पालिकेच्या परिषदेत किमान तेरा सदस्य असावे लागतात. पालिकेस रहिवाशांच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार आहे आणि कराचा दर परिषद स्वतः ठरविते.

परंतु बाराशे लोकांच्या करातून जिल्ह्याएवढा मुलूख सांभाळता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून शासनाच्या अनुदानाची रचना करताना लोकसंख्येबरोबर दुर्गमता आणि वस्तीची विरळता हेही विचारात घेतले जाते. सामी भाषिकांच्या प्रदेशासाठी वेगळी भर घातली जाते. या अनुदानामागील तत्त्व असे की नागरिकाचा हक्क सर्वत्र सारखा आहे. तो हक्क त्याच्या दारापर्यंत पोहोचविण्याचा खर्च मात्र सर्वत्र सारखा असू शकत नाही. माणशी खर्चाचे कोष्टक मांडले तर उत्सयोकी नेहमीच महाग दिसेल. त्या कोष्टकात अंतराचा रकाना घातला की मगच चित्र नीट समजते.

शाळा आणि मातृभाषा

शिक्षणाच्या क्षेत्रात या तत्त्वाची कसोटी लागते. फिनलंडमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९२१ साली झाला. त्यात विरळ वस्तीच्या भागांतील, शाळेपासून फार दूर राहणाऱ्या मुलांना सूट होती. ही सूट वरवर सवलतीची वाटते. प्रत्यक्षात त्या मुलांकडे नियमित शाळा पोहोचलीच नाही. फिरते धर्मशिक्षक वस्त्यांवर जाऊन थोडेबहुत शिकवीत. १९४४ साली युद्धामुळे लॅपलंडमधील लोकांना घरे सोडून दक्षिणेकडे जावे लागले. परत येऊन ते स्थिरावले, तेव्हा शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर वसतिगृहेही आली. सात-आठ वर्षांची मुले आईबापांपासून आठवडेच्या आठवडे दूर राहू लागली. शिकविण्याची भाषा फिनिश होती आणि पुष्कळ मुलांच्या घरची भाषा सामी होती. अंतराचा प्रश्न सुटला. पण एका पिढीच्या तोंडून तिची भाषा निसटू लागली. त्या पिढीतील अनेकांनी पुढे आपल्या मुलांशी सामी बोलणे टाळले.

ही हानी भरून काढण्याचे काम कायद्याने आणि शाळांनी हळूहळू हाती घेतले. शासकीय कार्यालयात सामी भाषा वापरण्याचा हक्क प्रथम १९९१ च्या कायद्याने दिला. आजचा सामी भाषा कायदा २००४ पासून अमलात आहे. १९९८ च्या शिक्षण कायद्यानुसार सामी प्रदेशात राहणाऱ्या आणि सामी भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यास मुख्यतः त्याच भाषेतून शिकविणे बंधनकारक आहे. उत्सयोकीत आज जवळजवळ निम्म्या रहिवाशांची नोंदलेली मातृभाषा सामी आहे. फिनलंडमधील दुसऱ्या कोणत्याही पालिकेत हे प्रमाण एवढे नाही. पालिकेचे कामकाज दोन्ही भाषांत चालते आणि तिचे नावही पाटीवर दोन प्रकारे लिहिलेले असते : फिनिशमध्ये उत्सयोकी, उत्तर सामीत ओह्त्सेयोह्का. गावातील सामी उच्च माध्यमिक शाळा देशातील अगदी लहान शाळांपैकी एक आहे.

वसतिगृहाची जागा आता वाहनाने घेतली आहे. शाळा पाच किलोमीटरपेक्षा दूर असेल तर विद्यार्थ्यास मोफत प्रवास मिळतो. लहान मुलांचा जाण्यायेण्याचा वेळ, वाट पाहण्यासह, दिवसाकाठी अडीच तासांहून अधिक असू नये, अशी मर्यादा कायद्याने घातली आहे. अंधाऱ्या सकाळी दोन-तीन मुलांना आणण्यासाठी टॅक्सी दूरच्या वस्तीवर जाते. हिशेबनीसाच्या दृष्टीने हा खर्च डोळ्यांत भरणारा आहे. परंतु ती दोन-तीन मुले संध्याकाळी आपल्या घरी परततात आणि घरची भाषा घरी बोलतात. वसतिगृहाच्या काळात जे गमावले ते टॅक्सीच्या भाड्याने राखले जात असेल, तर तो व्यवहार महाग म्हणता येणार नाही.

नदीवरचा हक्क

तेनो ही उत्तर अटलांटिकमधील सॅमन माशाच्या सर्वांत महत्त्वाच्या नद्यांपैकी एक आहे. समुद्रात वाढलेला सॅमन अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या उपनदीत परततो. एकट्या तेनोच्या खोऱ्यात या माशाचे सुमारे तीस भिन्न वंशगट आहेत. काठावरच्या सामी कुटुंबांसाठी सॅमन म्हणजे केवळ अन्न किंवा उत्पन्न नव्हे. जाळे विणणे, नाव हाकणे, पाण्याचा रंग पाहून माशाची चाल ओळखणे, या सर्वांची स्वतंत्र शब्दसंपत्ती त्यांच्या भाषेत आहे आणि ती नदीवरच शिकली जाते.

अलीकडच्या काळात सॅमनची संख्या घसरत गेली. फिनलंड आणि नॉर्वे यांनी नवा करार करून २०१७ पासून मासेमारीवर कडक मर्यादा घातल्या. आपल्याशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही, अशी सामींची तक्रार होती. काहींनी जाणूनबुजून निर्बंध मोडून मासेमारी केली आणि न्यायालयाचा कौल मागितला. १३ एप्रिल २०२२ रोजी फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्सयोकीतील उपनद्यांत मासेमारी करणाऱ्या स्थानिक सामींना दोषमुक्त ठरविले. आपल्या वडिलोपार्जित पाण्यात मासेमारी करणे हा आदिवासी समाजाच्या संस्कृतीचा भाग आहे आणि त्यास संविधानाचे संरक्षण आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

निकाल लागला तरी नदीत मासे आले नाहीत, हे या कथेचे दुःखद अंग आहे. सॅमन इतका घटला होता की २०२१ च्या हंगामापासून दोन्ही देशांनी तेनोच्या खोऱ्यात सॅमन धरण्यावर बंदी घातली. पुढील हंगामांतही ती चालू राहिली. पर्यटक मासेमारांवर अवलंबून असलेल्या कुटिरांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. त्यातच सोव्हिएत काळी उत्तरेकडील नद्यांत सोडलेला गुलाबी सॅमन २०१७ पासून एकाआड एक, विषम वर्षी, मोठ्या संख्येने तेनोत शिरू लागला आहे. तो येथील मूळ रहिवासी नाही.

बंदी अकारण नव्हती. मासा वाचला पाहिजे याविषयी काठावर दुमत नाही. प्रश्न आहे तो निर्णयातील सहभागाचा. नदी पालिकेच्या हद्दीतून वाहते. पण तिच्याविषयीचे नियम दोन राजधान्यांत ठरतात. बंदीचा भार ज्यांनी सोसावयाचा ते लोक बाराशे आहेत आणि त्यांच्यापैकी मासेमारीवर जगणारे त्याहून थोडे. ज्या मुलास सलग काही उन्हाळे जाळे हाती धरता आले नाही, त्याला ते शिकविणार कोण, ही काठावरची चिंता आकडेवारीत सहज सापडणार नाही. शास्त्रज्ञांची गणना आणि मच्छीमाराचे निरीक्षण एकाच बैठकीत ऐकले गेले तर निर्णय कदाचित तोच होईल. पण तो लोकांचा निर्णय ठरेल.

रेनडिअर आणि कुरण

रेनडिअरपालनाचे चित्र थोडे वेगळे आहे. फिनलंडमध्ये रेनडिअरपालकांच्या ५४ कायदेशीर सहकारी संस्था आहेत. उत्सयोकीच्या मुलखात काल्दोआइवी आणि पाइस्तुन्तुरी या दोन संस्थांचा कारभार चालतो. प्रत्येक मालकाची कानावरील खूण नोंदलेली असते. प्रत्येक संस्थेने जास्तीत जास्त किती जनावरे ठेवावीत याची मर्यादा शासन ठरविते. दैनंदिन कारभार मात्र संस्थेच्या सभेच्या हाती असतो.

कुरणाचे संतुलन किती नाजूक असते याचा धडा येथे १९६५-६६ च्या सुमारास मिळाला. पतंगाच्या अळ्यांनी विस्तीर्ण भागातील भूर्ज वृक्षांची पाने खाऊन टाकली. पुष्कळ ठिकाणी ती झाडे मेली आणि रान पुन्हा उगवलेच नाही. नव्याने फुटणारे कोंभ रेनडिअर खातात, हेही त्याचे एक कारण आहे. अशा प्रदेशात एका चुकीची भरपाई व्हावयास माणसाचे आयुष्य पुरत नाही. तुर्कू विद्यापीठाचे केवो येथील संशोधन केंद्र अनेक दशके या निसर्गाच्या नोंदी ठेवीत आले आहे. पालकांच्या अनुभवास या नोंदींची जोड मिळते.

दवाखाना कोणाचा?

१ जानेवारी २०२३ पासून फिनलंडच्या कारभारात मोठा बदल झाला. आरोग्य, समाजकल्याण आणि अग्निशमन ही कामे पालिकांकडून काढून घेऊन २१ कल्याण-सेवा विभागांकडे सोपविण्यात आली. हेलसिंकी शहराची व्यवस्था तेवढी वेगळी राहिली. त्याबरोबर प्रत्येक पालिकेच्या उत्पन्नकराचा दर १२.६४ टक्क्यांच्या अंकाने खाली आला. छोट्या पालिकांना वृद्धांच्या सेवेचा आणि विशेष उपचारांचा बोजा झेपेनासा झाला होता. या बदलामागे ते सबळ कारण होते.

तथापि, त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लॅपलंड विभागाच्या परिषदेत ५९ सदस्य आहेत आणि विभागाची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. म्हणजे सुमारे तीन हजार लोकांमागे एक सदस्य. या प्रमाणात उत्सयोकीच्या वाट्यास अर्धीही जागा येत नाही. पूर्वी दवाखान्याच्या वेळेविषयी तक्रार असलेला माणूस दुकानात भेटलेल्या परिषद सदस्यास जाब विचारू शकत असे. आता तो निर्णय ४५० किलोमीटरवर होतो. बोजा कमी झाला तेव्हा हातचा अधिकारही कमी झाला, हा या सुधारणेचा छोट्या पालिकांस आलेला अनुभव विचार करण्यासारखा आहे.

विलीनीकरणाचा मोह

मग एवढी छोटी पालिका ठेवावयाची तरी कशाला, असा प्रश्न सहजच निघतो. फिनलंडने २००७ साली पालिकांच्या पुनर्रचनेचा कायदा केला. १ जानेवारी २००९ रोजी पालिकांची संख्या ४१५ वरून ३४८ वर आली. २०२५ च्या आरंभी ती ३०८ होती. उत्सयोकी मात्र स्वतंत्र राहिली. ती शेजारच्या इनारीत विलीन केली असती तर काय झाले असते? इनारी ही फिनलंडची सर्वांत विस्तीर्ण पालिका. तिचे क्षेत्रफळ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित अधिकच आहे. दोन्ही मिळून साडेबावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठी पालिका झाली असती. एक कार्यालय वाचले असते. अंतर एका किलोमीटरनेही कमी झाले नसते. बर्फ तेवढेच पडले असते, शाळेची टॅक्सी तेवढीच धावली असती. फक्त तक्रार घेऊन जाणाऱ्या नागरिकाचा प्रवास लांबला असता.

उत्सयोकीचे सर्व प्रश्न सुटले आहेत असे मुळीच नाही. २००० साली चौदाशेच्या आसपास असलेली वस्ती आज बाराशेवर आली आहे. तरुण शिक्षणासाठी बाहेर जातात आणि सर्वच परत येत नाहीत. नदीचे भवितव्य अनिश्चित आहे. परंतु शाळा चालू आहे, ती मुलांच्या भाषेत चालू आहे आणि तिच्याविषयी निर्णय घेणारी माणसे त्याच मुलखात राहतात. या तीन गोष्टी टिकल्या आहेत तोवर परतणाऱ्या तरुणास परतण्यासाठी एक ठिकाण आहे.

दूरच्या पाड्यावरील चार घरांसाठी एखादी योजना परवडत नाही, असा शेरा फाइलीवर लिहिणे सोपे असते. तो लिहिण्यापूर्वी त्या चार घरांपासून कार्यालयाचे अंतर किती, आणि ते अंतर आजवर कोण चालत आले आहे, एवढे जरी विचारले तरी उत्सयोकीच्या अनुभवापासून आपण काही घेतले असे म्हणता येईल.